केवल वाक्य

सेलूच्या कोर्टात मी एकतीस वर्षं टाइप केलं.
लोक बोलायचे, साहेब सांगायचे, मी बडवायचो.
मशीनचा 'ण' झिजलेला.
कित्येकांची भांडणं माझ्या कागदावर
त्यामुळं जरा फिकट उमटली.

खटला एका लिंबाचा होता.
धुऱ्यावरचा लिंब कुणी तोडला, एवढंच
केवळाबाईला सांगायचं होतं.
पिंजऱ्याच्या कठड्यावर पदराचं टोक ठेवून ती म्हणाली :

"मी पाणी आणायला गेलते, तर मनलं जाता जाता बघावं
शेळी सुटली का काय, कामून की आदल्या दिशी
दावं तुटलं मून पोरगं मनलतं,
तर तितं कुऱ्हाड वाजायली,
मला वाटलं दीर आसंल, तो छाटायचंय मनायलता,
पण दीर आसता तर खोकला आसता की,
ह्यो खोकंना,
मून मी वाकून बघितलं, तर..."

पंखा फिरत होता. वकील घड्याळ बघत होते.

"...तर ह्यो होता. मला बघून मनला,
काकू, पाणी द्या.
आन् मी दिलं."

साहेबांनी डोळे मिटले, सांगितलं, मी टाइप केलं :
'सदर इसमाने सामाईक बांधावरील कडुनिंबाच्या वृक्षाची
विनापरवाना तोड केल्याचे
साक्षीदाराच्या प्रत्यक्ष निदर्शनास आले.'

किती भारदस्त वाक्य!
सातवीत देगलूरकर गुरुजींनी शिकवलं होतं :
वाक्यं तीन जातींची. केवल, मिश्र, संयुक्त.
केवल सगळ्यात सोपं.
एक उद्देश्य, एक विधेय, झालं.
तेच म्हणायचे, बोलणं काय, कुणालाही येतं,
व्याकरण लागतं ते लिहायला.
आणि आम्ही पाटीवर मान खाली घालून
जे येत होतं ते विसरायला लागायचो.

रात्री जेवताना उगाच मोजत बसलो.
केवळाबाईची क्रियापदं तेवीस,
एकात एक अडकवलेली, मून, तर, की, कामून,
दाव्याला जसे पीळ.
पोरानं सांगितलेलं तिनं सांगितलं,
जो दीर तिथं नव्हताच
त्याला न आलेला खोकलासुद्धा
तिनं वाक्यात नीट बसवला,
आणि कुठंही तोल गेला नाही.

माझं एक. 'आले.'
तेही शेवटी, दमून.
बाकीच्यांना मी नामं करून टाकलं होतं :
तोडलं, त्याचं 'तोड',
बघितलं, त्याचं 'निदर्शन'.
हलणारं काही ठेवलंच नाही.
गोण्या एकावर एक रचाव्यात
तसे शब्द रचले, वर शिक्का.
गुरुजी, तुमच्या हिशोबानं
केवळाबाईचं वाक्य केवल नव्हतं.
केवल होतं ते माझं.

बायको म्हणाली, भाजीत मीठ कमी पडलं का?
मी म्हणालो, नाही, पण तू जे मघाशी सांगत होतीस ना
की शेजारची म्हणत होती की, ते परत सांग.
ती बघतच राहिली.

हां, एक राहिलं.
जबाब वाचून दाखवला तेव्हा
केवळाबाईनं सगळा ऐकला, पेनाकडं बघत.
मनली, "बराबर हाय. पण पाणी?"
साहेब म्हणाले, पाण्याचा इथं संबंध नाही.
तिनं अंगठा दिला. शाई पदराला पुसली.

संध्याकाळी स्टँडवर दिसली.
पाथरीची गाडी लागलेली, कंडक्टर ओरडायलाय,
आणि ती एका अनोळखी बाईला सांगायलीय,
अगदी पहिल्यापासून,
"मी पाणी आणायला गेलते, तर..."
आता त्यात कोर्ट आलतं, साहेब आलते,
टकटक करणारा एक माणूस आलता,
"त्यानं लिवलं मून मी मनलं आसंल बाई बराबर, पण..."

गाडी हलली.
पूर्णविराम कुठं द्यायचा
ते मला अजून कळलेलं नाही